खाऱ्या पाण्यावरचे धान्य : कर्नालच्या मृदा-लवणता संस्थेचा इतिहास

सन 1855 मध्ये पश्चिम यमुना कालव्याच्या ओलिताखालील मूनक या गावच्या रयतेने सरकारकडे अशी फिर्याद नेली की, कालव्याचे पाणी आल्यापासून आपल्या जमिनींवर पांढरी रेह फुटू लागली असून, जेथे पूर्वी गहू उभा राहत असे तेथे आता बी सुद्धा रुजेनासे झाले आहे. उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांच्या दफ्तरात क्षारबाधेची जी आद्य नोंद मानली जाते ती हीच. आणि ज्या कर्नाल जिल्ह्यातून ही पहिली तक्रार निघाली त्याच कर्नालला, शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, या व्याधीचा अभ्यास करणारी देशातील मध्यवर्ती संस्था वसावी, हा योगायोग इतिहासलेखकास मोहात पाडणारा आहे. मधल्या काळात सरकार स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. 1876 साली रेह कमिटी नेमली गेली, साक्षी झाल्या, जमिनींची मोजणी झाली, उसर भूमीवर प्रयोगही झाले. परंतु सारा किती माफ करावा आणि कालव्याची रेषा कोठून न्यावी या प्रश्नांना जितके महत्त्व मिळाले तितके, मीठ जमिनीत असताना पीक घ्यावे कसे, या प्रश्नास मिळाले नाही.

आपल्याकडेही हेच घडले. नीरेच्या कालव्याखालील जमिनी चोपण होऊ लागल्या तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्या साहाय्याने नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचे जे अन्वेषण केले, ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने 1910 साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. पाणी मुबलक आणि निचरा शून्य अशी परिस्थिती निर्माण झाली की दख्खनची काळी जमीन किती लवकर हातची जाते, हे त्यातून सरकारदरबारी नोंदले गेले. तरीही या विषयासाठी स्वतंत्र, अखिल भारतीय स्वरूपाची संस्था उभी राहण्यास चौथी पंचवार्षिक योजना यावी लागली.

भारतीय व अमेरिकी तज्ज्ञांच्या एका संयुक्त मंडळाच्या शिफारशीस अनुसरून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने केंद्रीय मृदा-लवणता अनुसंधान संस्थेची तजवीज केली, आणि 1 मार्च 1969 रोजी तिचे काम हिसार येथे सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संस्थेचे बिऱ्हाड कर्नालला हलले. कछवा मार्गावरील जरीफा वीरान या गावची जी जमीन तिच्या वाट्यास आली, तिचा सामू दहाच्या वर होता. गवताचे पाते उगवण्याची मारामार असलेल्या या भूमीवर कृषी-संशोधकांनी आपला तळ ठोकावा, यात त्या वेळी पुष्कळांस विनोद वाटला असल्यास नवल नाही. पहिले संचालक डॉ. डी. आर. भुंबला यांनी मात्र ही जागा अनुरूप मानली. व्याधिग्रस्त भूमीवरच उपचाराची परीक्षा व्हावी, हा त्यांचा दृष्टिकोन संस्थेच्या पुढील सर्व कार्यात झिरपलेला दिसतो.

संस्थेचा पहिला आणि सर्वांत गाजलेला विजय जिप्समचा. शेतास बांध घालावेत, जमीन सपाट करावी, जिप्सम टाकावे, पाणी साठवून सोडियम खाली दवडावा आणि पहिले पीक भाताचे घ्यावे, या पद्धतीने पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश मिळून पंधरा लाख हेक्टरांहून अधिक अल्कधर्मी जमीन लागवडीखाली आली. ही कथा इतरत्र विस्ताराने लिहिली गेली असल्याने येथे तिच्यात शिरत नाही. शाखांचा विस्तारही एका वाक्यात सांगता येण्याजोगा आहे: 1970 च्या फेब्रुवारीत बंगालमधील कॅनिंग येथील भात संशोधन केंद्र किनारी लवणतेच्या अभ्यासासाठी संस्थेकडे वर्ग झाले, 1989 मध्ये काळ्या जमिनींसाठी आणंदला केंद्र निघाले व 2003 साली ते भरुचला गेले, आणि 1999 मध्ये मध्य व पूर्व गंगेच्या मैदानासाठी लखनौचे केंद्र स्थापन झाले.

प्रस्तुत लेखकास ज्या प्रकरणाविषयी विशेष आस्था आहे ते याहून निराळे, अधिक कोरड्या मुलखातले आणि कमी गाजलेले आहे. जिप्समचा उपाय ज्या जमिनीस लागू पडतो तिच्यात दोष मातीच्या घडणीत असतो आणि सुदैवाने पाणी गोडे असते. परंतु हरियाणाचा नैर्ऋत्य भाग, राजस्थान, आग्रा-मथुरेचा पट्टा, उत्तर गुजरात या प्रदेशांत परिस्थिती नेमकी उलटी आहे: माती हलकी, रेताड आणि निचऱ्याची असते, खारे असते ते विहिरीतले पाणी. निरनिराळ्या राज्यांतील भूजलाची पाहणी झाली तेव्हा राजस्थानात तपासलेल्या पाण्यापैकी सुमारे 84 टक्के आणि हरियाणात सुमारे 62 टक्के पाणी निकृष्ट प्रतीचे ठरले. जेथे पाऊस वर्षाकाठी चारपाचशे मिलिमीटरांच्या आत आणि कालवा दूर, तेथील शेतकऱ्यास हे पाणी नाकारणे म्हणजे रब्बीचा हंगामच नाकारणे होय.

या पाण्यात मीठ किती असते याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाण्याची खारटता त्याच्या विद्युत्वाहकतेवरून मोजतात, आणि तिचे परिमाण डेसीसीमेन्स प्रतिमीटर असे आहे. सहा एककांच्या पाण्यात, ढोबळ मानाने, दर लिटरला पावणेचार ग्रॅमांच्या आसपास क्षार असतात. गव्हाला सहा सेंटिमीटरांची एक पाळी दिली की हेक्टरी सहा लाख लिटर पाणी पडते, म्हणजे एका पाळीबरोबर सव्वादोन टनांहून अधिक मीठ शेतात येते, आणि चार पाळ्यांच्या हंगामात नऊ टनांच्या पुढे. पीक पाणी पिऊन घेते, ऊन बाकीचे उडवून नेते, आणि मीठ तेवढे जमेस राहते. आता ज्या जमिनीत दर वर्षी नऊ टन मीठ ओतले जाते तिच्यात दुसऱ्या वर्षी धान्य पिकते तरी कसे, हा प्रश्न पडावयास हवा. आणि पडला तर त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्यापूर्वी मारवाडात जावयास हवे.

राजस्थानातील पाली जिल्ह्यात खार्ची नावाचे गाव आहे. या परिसरातील विहिरींचे पाणी खारे, तरीही तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर एक देशी गहू पिकवीत आले आहेत, आणि गावाच्या नावावरूनच त्या गव्हास खार्चिया म्हणतात. बी तर त्यांचे होतेच, पण बियाइतकीच महत्त्वाची होती ती त्यांची वहिवाट: खरिपात शेत पडीक ठेवावयाचे, बांध घालून पावसाचे पाणी शेतातच अडवावयाचे, त्या पाण्याने मागील हंगामाचे मीठ मुळांच्या थराखाली उतरू द्यावयाचे, आणि मग जमिनीत मुरलेल्या त्या ओलीवर गहू पेरून पुढच्या पाळ्या खाऱ्या विहिरीतून द्यावयाच्या. एका पिकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडण्याचा हा व्यवहार बाहेरून पाहणाऱ्यास आळशीपणाचा वाटतो, आणि तसा शेरा मारणारे अधिकारी निघालेच नसतील असे म्हणवत नाही. वस्तुतः तो मिठाचा चोख जमाखर्च होता. पावसाने वजा केलेल्या मिठाइतकेच मीठ विहिरीने जमा करावे, एवढीच त्याची मर्यादा.

खार्चिया गव्हाचे दोष त्याच्या गुणांइतकेच प्रसिद्ध आहेत. त्याचा दाणा लाल, ताट उंच. जरा खत-पाणी चढले की पीक लोळते, आणि तांबेऱ्यास ते लवकर बळी पडते. परंतु सोडियमच्या माऱ्यात त्याच्याइतका तग धरणारा गहू जगात क्वचितच आढळला, आणि म्हणून त्यापासून पुढे काढलेले खार्चिया 65 हे वाण देशोदेशींच्या प्रयोगांत तुलनेचा मानदंड म्हणून पेरले जाते. कर्नालच्या पैदासकारांनी याच खार्चिया 65 चा संकर डब्ल्यू. एल. 711 या बुटक्या, उत्पादक वाणाशी केला. अशा संकरात निवड करणे हे अतिशय किचकट काम असते. कारण खारवट शेतात मिठाची वाटणी कधीच समान नसते, हातभर अंतरावर खारटता दुप्पट होते, आणि जे रोप तगले ते अंगच्या गुणाने तगले की जागेच्या कृपेने, हे सांगता येत नाही. हा संशय दूर करण्यासाठी संस्थेने विटांनी बांधून काढलेले लहान लहान वाफे तयार केले, त्यांत माती भरून तिचा सामू व क्षारता ठराविक प्रमाणात राखली, आणि एकाच कसोटीवर शेकडो वंश पारखले. बाहेरच्या मनुष्यास हे वाफे क्षुल्लक वाटतील. प्रस्तुत लेखकाच्या मते संस्थेच्या सर्व यंत्रसामग्रीत त्यांच्याइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही.

या उद्योगाचे पहिले फळ म्हणजे 1990 साली प्रसारित झालेले के. आर. एल. 1-4 हे वाण. सामू 9.3 पर्यंत आणि मातीची क्षारता सात एककांपर्यंत असतानाही ते उभे राहते. त्यालाच पुढे पी. बी. डब्ल्यू. 255 शी जोडून के. आर. एल. 19 निघाले व 2000 साली शेतकऱ्यांच्या हाती आले. त्यानंतरच्या काळात के. आर. एल. 210 व 213 ही वाणे आली. म्हणजे मारवाडातील एका गावच्या बियाचे रक्त हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील खारवट शेतांत आज खेळते आहे. त्या मूळ बीजरक्षकांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत.

तथापि केवळ बियाने हे काम झाले असते अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल, आणि संस्थेच्या अनेक गौरवपर वृत्तांतांत हीच चूक डोकावते. मातीची क्षारता सहा एककांच्या पुढे गेली की साधारण गव्हाचे उत्पन्न दर एककास सात टक्क्यांच्या हिशेबाने घटते. सहिष्णु वाण ही मर्यादा थोडी पुढे सरकवते, नाहीशी करीत नाही. दर वर्षी नऊ टन मीठ साठतच गेले तर कोणतेही वाण काही हंगामांनंतर हात टेकणारच. पाणी कोणत्या क्रमाने द्यावे, हा म्हणूनच खरा प्रश्न होता. आणि त्याची उकल करण्याचे श्रेय मुख्यतः संस्थेशी संलग्न असलेल्या एका समन्वित प्रकल्पाकडे जाते.

शेतीत खारे पाणी वापरण्याविषयीचा हा अखिल भारतीय प्रकल्प 1972 मध्ये आग्रा, बापटला, धारवाड आणि नागपूर या चार केंद्रांवर सुरू झाला. नागपूरकडे सांडपाण्याच्या उपयोगाचा विषय सोपविला होता. सहाव्या योजनेत ते केंद्र प्रकल्पातून वेगळे झाले, आणि कानपूर, इंदूर, जोबनेर व पाली ही केंद्रे आत आली. पुढे धारवाडचे केंद्र 1989 साली गंगावतीस व जोबनेरचे 1990 साली बिकानेरला गेले, तर हिसारचे 1995 मध्ये सुरू झाले. केंद्रांची ही सतत चाललेली हलवाहलव कारकुनी स्वरूपाची वाटली तरी तिच्यामागे एक सरळ तत्त्व होते: संशोधन जेथे जमीन खारी तेथे व्हावे, इमारत जेथे आहे तेथे नव्हे.

आग्र्याजवळ बिचपुरी येथील राजा बलवंत सिंह महाविद्यालयाच्या शेतावर, आणि तशाच प्रकारे इतर केंद्रांवर, वर्षानुवर्षे निरनिराळ्या खारटतेचे पाणी देऊन पिके घेतली गेली, तेव्हा खार्चीच्या शेतकऱ्याच्या वहिवाटीत काय दडले होते ते हळूहळू अंकांत उतरू लागले. धान्याचे पीक उगवणीच्या व रोपावस्थेच्या दिवसांत मिठाला सर्वांत भिते. एकदा मुळे खोल गेली आणि फुटवे धरले की तेच पीक पूर्वी सोसवले नसते असे पाणी सोसते. म्हणून जवळ असलेले थोडे गोडे पाणी खाऱ्यात मिसळून सगळेच मचूळ करण्यापेक्षा, पेरणीपूर्वीचे ओलीत आणि जमल्यास पहिली पाळी गोड्या पाण्याची द्यावी व पुढे खारे वापरावे, यात पिकाचा लाभ अधिक. बियाणे नेहमीपेक्षा वाढवून पेरावे, कारण काही रोपे जावयाचीच. आणि दोन पाळ्यांमधील अंतर फार ताणू नये, कारण माती सुकत जाते तसतसे तिच्यातील पाणी अधिकाधिक खारे होत जाते.

यातूनच 1992 साली पी. एस. मिन्हास व आर. के. गुप्ता यांनी ओलिताच्या पाण्याच्या गुणवत्तेवर लिहिलेल्या ग्रंथातून परिचित झालेले मार्गदर्शक कोष्टक सिद्ध झाले. (मिन्हास पुढे बारामतीजवळील माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे संचालक झाले, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या माहितीसाठी.) तोवर जगभर अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील लवणता-प्रयोगशाळेने 1954 साली घालून दिलेल्या वर्गवारीचा अंमल चालत होता, आणि तिच्या मापाने पाहिले तर राजस्थानातील कित्येक विहिरी बुजवून टाकण्याच्याच लायकीच्या ठरल्या असत्या. भारतीय कोष्टकाने पाणी एकटे पाहिले नाही. मातीतील चिकणमातीचे प्रमाण, पिकाची सहनशक्ती आणि वार्षिक पर्जन्यमान यांच्या जोडीने पाहिले. परिणाम असा की, दहा टक्क्यांहून कमी चिकणमाती असलेल्या रेताड जमिनीत, जेथे 550 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो तेथे, सहिष्णु पिकास साडेबारा एककांपर्यंतचे पाणी चालते असे ठरले; आणि तीस टक्क्यांहून अधिक चिकणमातीच्या जमिनीत, जेथे पाऊस 350 मिलिमीटरांहूनही कमी, तेथे त्याच पिकास दोन एककांची मर्यादा पडली. एकच पाणी एका शेतात अन्न आणि दुसऱ्यात विष कसे ठरते, हे याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही. मान्सूनचा या व्यवहारातील हिस्सा येथे प्रथमच अधिकृतपणे मांडला गेला. तीन महिन्यांत एकवटून कोसळणारा पाऊस हा आपल्या शेतीचा दोष म्हणून हिणविला जातो. परंतु वर्षभर रिपरिपणाऱ्या पावसापेक्षा तोच मीठ धुऊन नेण्यास अधिक समर्थ असतो.

रेताड जमिनीत पावसाने खाली नेलेले मीठ खालीच राहते. जेथे भूजलच वर आले आहे तेथे मात्र तसे होत नाही, आणि या प्रसंगी रोहतक जिल्ह्यातील सांपला येथील प्रक्षेत्राची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. तेथे जमिनीखाली पावणेदोन मीटरांच्या सुमारास सच्छिद्र नळांच्या रांगा 25, 50 व 75 मीटरांच्या अंतरांनी पुरून खारे पाणी बाहेर काढण्याचा प्रयोग झाला. जमीन सुधारली खरी. पण नळांतून येणारे मिठाचे पाणी टाकावे कोठे? समुद्र शेकडो मैल दूर, आणि यमुनेत ते सोडले तर खालच्या गावांचे पिण्याचे पाणी बिघडावयाचे. तेव्हा डी. पी. शर्मा व के. व्ही. जी. के. राव यांनी तेच पाणी पुन्हा गव्हास देऊन पाहिले. पेरणीपूर्वीचे ओलीत गोड्या पाण्याचे आणि पुढील पाळ्या निचऱ्याच्या पाण्याच्या, असा क्रम सात वर्षे चालविल्यानंतर असे आढळले की, सहा एककांच्या पाण्याने गव्हाचे उत्पन्न सरासरीने 4.2 टक्के, नवाच्या पाण्याने 9.7, बाराच्या पाण्याने 16.3 आणि 18.8 एककांच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतक्या खारट पाण्याने, अवघे 22.2 टक्के घटले. गव्हामागून खरिपात बाजरी व ज्वारी घेतल्या, आणि हिवाळ्यात साठलेले मीठ त्या पावसाळ्यात नळांवाटे निघून गेले. आधीच्या गव्हास बारा किंवा त्याहून अधिक एककांचे पाणी दिले होते तेथेच या दोन पिकांना झळ पोहोचली. या आकड्यांचा अर्थ लावताना खालचे नळ विसरून चालत नाही. ते नसते तर सात वर्षांचा हा प्रयोग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच संपुष्टात आला असता, आणि हे न सांगता केवळ टक्के सांगणाऱ्या प्रचारपत्रकांनी शेतकऱ्यांची दिशाभूल केली आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका उणिवेचा उल्लेख येथे करणे भाग आहे. धान्यपिकांत सर्वांत खारे पाणी सोसणारे पीक गहू नसून जव आहे. मातीची क्षारता आठ एकके होईपर्यंत त्याचे उत्पन्न घटू लागत नाही, आणि नंतरही ते गव्हाहून सावकाश घटते. रूक्ष प्रदेशाचे हे स्वाभाविक धान्य. तरीही बाजारात गव्हाला जो हमीभाव व जी सरकारी खरेदी मिळाली ती जवाला मिळाली नाही, आणि संशोधनाचा ओघही भावाच्या मागोमाग गव्हाकडे व भाताकडे वळला. शेतकऱ्याने जव सोडून मोहरी धरली, तीही क्षार सोसणारी आणि पैसा देणारी असल्याने, संस्थेने सी. एस. 52 पासून पुढे मोहरीची वाणे देऊन त्यास साह्यही केले. पोटाच्या धान्याचा प्रश्न त्यामुळे जागच्या जागी राहिला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध नागपूरच्या अल्पजीवी केंद्रापुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. कोकणच्या खाजणांत, खारबंदिस्तीच्या आड, समुद्राच्या पाण्याचा उपद्रव सोसत जे लाल भात पिकत आले, त्यांतील भुरा राता व काळा राता या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने निवडून शुद्ध केल्या. त्यांपैकी भुरा राता 4-10 चा बासमतीशी संकर करून कर्नालने 2001 साली सी. एस. आर. 30 हे वाण काढले, जे यामिनी या नावाने ओळखले जाते. क्षारयुक्त जमिनीत पिकणारा सुवासिक बासमती म्हणून हरियाणाच्या बाजारात त्याला मोठा मान आहे. तो शिजवणाऱ्या किती घरांस त्याचे आजोळ रायगडच्या खाजणात असल्याचे ठाऊक असेल, कोण जाणे. खुद्द पनवेलचा समावेश प्रकल्पाच्या केंद्रांत झाला तो 2014 साली, भटिंडा, पोर्ट ब्लेअर व व्हायटिला यांच्याबरोबर, म्हणजे तेथील बियाने कर्नालला कीर्ती मिळवून दिल्यानंतर तेरा वर्षांनी.

घाटावरच्या क्षारपड जमिनींची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात अशी सुमारे सहा लाख हेक्टर जमीन असून तिचा पुष्कळसा भाग नीरा, कृष्णा व गोदावरीच्या काठच्या भारी काळ्या मातीचा आहे, जिच्यात चिकणमातीचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पुष्कळ वर जाते. वर सांगितलेल्या कोष्टकात अशा मातीचे रकाने सर्वांत आखूड आहेत: पाऊस 550 ते 750 मिलिमीटर असला तरी सहिष्णु पिकास साडेचार एककांपलीकडचे पाणी नाही, आणि माणदेशासारख्या अवर्षणाच्या टापूत जेथे जेथे पाऊस 550 च्या आत राहतो तेथे तीनच एककांचे. राजस्थानच्या वाळूत सिद्ध झालेली पद्धत उचलून येथे आणता येत नाही, याची जाणीव ठेवूनच भरुचच्या केंद्राने काळ्या मातीत, खाऱ्या भूजलावर, गव्हाचे व देशी कापसाचे प्रयोग चालविले आहेत. गंगावतीचे केंद्र तुंगभद्रेच्या काळ्या जमिनीत हेच काम करते. आमच्याकडील शेतकऱ्यास उत्तरेच्या कोष्टकाहून या दोन केंद्रांच्या वार्षिक अहवालांचा उपयोग अधिक व्हावा. पण ते इंग्रजीत निघतात, आणि त्यांचे मराठी सार तालुक्याच्या कृषी कचेरीत अद्याप सहजी हाती लागत नाही.